लोड लावण्याआधी तीन स्कॅन: एस.जी. आयर्नच्या आतला स्ट्रेन थ्रीडी स्कॅनने मोजण्याचा क्रम

कोल्हापुरातली शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागलची पंचतारांकित एमआयडीसी, एक तक्रार ठरलेली असते. "स्कॅन केलं, सॉफ्टवेअर चालवलं, लाल-निळा नकाशा आला. पण त्याच हीटचा (एकाच वेळी वितळवलेल्या लोखंडाचा) दुसरा पीस लावला तर नकाशा भलताच आला." कॉलेजच्या प्रोजेक्टवाल्या मुलांचंही रडगाणं हेच. मी विचारतो, "लोड न लावता त्या पीसचे दोन स्कॅन घेतले होते का?" उत्तर बहुतेक वेळा नाही असंच येतं.

लोड न लावलेल्या एकाच पीसचे दोन स्कॅन सॉफ्टवेअरला दिले तरी ते रंगीत नकाशा काढून देतं. पीस जागचा हललेला नसतो, तरी स्ट्रेन, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने झालेला ताण-आकस, दिसतो. तो तुमच्या यंत्राचा आणि तुमच्या सेटिंगचा स्ट्रेन असतो. आधी तो मोजायचा आणि मग मटेरियलला हात लावायचा. खालचा सगळा क्रम यासाठीच आहे.

पद्धत थोडक्यात अशी. पीसचा एक्स-रे सीटी स्कॅन लोडआधी घ्यायचा आणि लोडखाली पुन्हा घ्यायचा. सॉफ्टवेअर पहिल्या स्कॅनमधला एक छोटा घन उचलतं, त्यातल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रचना दुसऱ्या स्कॅनमध्ये कुठे सरकली ते शोधतं आणि तेवढं सरकणं नोंदवतं. हजारो घनांचं सरकणं मिळालं की शेजारच्या घनांमधल्या फरकावरून स्ट्रेन निघतो. याला डिजिटल व्हॉल्यूम कोरिलेशन म्हणतात, बोलताना डीव्हीसी. उदाहरणासाठी एस.जी. आयर्न, म्हणजे ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते ओतीव लोखंड, घेतलंय, कारण आपल्याकडे तेच ओतलं जातं आणि या कामाला ते सोयीचंही आहे.

## १. आधी कागदावर: मटेरियल चालेल का?

यंत्राचं तासाचं भाडं सुरू होण्याआधी तीन प्रश्न सोडवा.

घनाला ओळख आहे का? एस.जी. आयर्नमधले ग्रॅफाइटचे गोळे म्हणजे नॉड्यूल लोखंडापेक्षा खूप हलके असतात, त्यामुळे स्कॅनमध्ये करड्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके स्वच्छ दिसतात. फवारा मारून डाग उठवायची गरज नाही, मटेरियल स्वतःच डाग घेऊन आलंय. ग्रे आयर्नमध्ये मात्र ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्या असतात, जाडी काही मायक्रोमीटर. साध्या व्हॉक्सेलमध्ये (थ्रीडी चित्राच्या सगळ्यात छोट्या घन ठिपक्यात) त्या नीट उतरत नाहीत. शिवाय ग्रे आयर्न १ टक्का ताणायच्या आतच तुटतं, म्हणजे मोजायला फारसं काही उरत नाही. पहिलाच प्रयोग ग्रे आयर्नवर करू नका.

ॲल्युमिनियमवाल्यांनी अजून सावध राहावं. ॲल्युमिनियमचा अणुक्रमांक १३, सिलिकॉनचा १४. एक्स-रेला दोघांत फारसा फरक दिसत नाही. मिश्रधातूत तांबं असेल तर तांब्याचे कण चमकतात आणि काम होतं. तांबं नसेल तर लोखंडयुक्त कणांवर किंवा बारीक छिद्रांवर भागवावं लागतं, आणि ती पुरेशी आहेत का हे एक चाचणी स्कॅन करूनच कळतं.

किरण आरपार जातील का? १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या एक्स-रेची तीव्रता साधारण अडीच मिलिमीटर लोखंडात निम्मी होते. ॲल्युमिनियममध्ये तेवढ्यासाठी १५ मिलिमीटर लागतात. अख्खं हाउसिंग उचलून "हेच स्कॅन करा" म्हणणारे भेटतात. ब्लो होल शोधायला ते एक वेळ चालेल, डीव्हीसीला नाही. इथे ३ मिलिमीटर व्यासाचा गोल पीस धरू.

दिसेल एवढा स्ट्रेन येणार आहे का? एस.जी. ५००/७ चं यील्ड (जिथून पीस कायमचा ताणला जायला लागतो) साधारण ३२० मेगापास्कल आणि इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणा) १७० गिगापास्कल धरला, तर यील्डपर्यंतचा स्ट्रेन ०.००१९ निघतो. हा आकडा लक्षात ठेवा, नवव्या टप्प्यात तो लागेल.

## २. पीस काढणं

कास्टिंगवर कुठून काढला ते आधी मार्करने लिहा: रायझरकडून की इनगेटकडून, कातडीपासून किती आत. पीस कापून झाल्यावर ही माहिती कुठेही सापडत नाही.

उद्यमनगरात वायर-कटवर पीस उत्तम निघतो, पण कापलेल्या पृष्ठभागावर वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर राहतो. बारीक एमरीने तो काढा. लेथवर काढणार असाल तर शेवटचे कट अगदी हलके घ्या. दोन्ही टोकांना जाड खांदे आणि मधे ३ मिलिमीटरची मान ठेवा, वळणाला मोठी त्रिज्या द्या. वरच्या खांद्यावर एका बाजूला छोटी खाच पाडा. ती नसेल तर चार पीसनंतर कोणता कुठल्या बाजूने बसवला होता यावर वाद ठरलेला.

नॉड्यूल काउंट बघायला त्याच जागेचा शेजारचा तुकडा पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली ठेवा. हे काम बहुतेक जण गाळतात, आणि मग आठव्या टप्प्यात घनाचा आकार अंदाजाने ठरवतात.

> तपासणी: ३ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मिलिमीटर. ५०० मेगापास्कलला साडेतीन किलोन्यूटन लागतात. तुमची लोडिंग फ्रेम तेवढं ओढते का?

## ३. लोडिंगची फ्रेम

नेहमीच्या टेन्साइल मशीनला दोन खांब असतात. स्कॅनमध्ये पीस पूर्ण फिरतो, तेव्हा ते खांब किरणांच्या आड येतात. म्हणून खांबांच्या जागी पीसभोवती एक नळी लागते: ॲक्रिलिक, ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबरची. ओढताना पीसवर येणारं सगळं बळ नळी दाब म्हणून सोसते. साडेतीन किलोन्यूटनला ॲक्रिलिक चालेल का हे भिंतीची जाडी धरून हिशोब करा, नुसत्या नजरेने ठरवू नका.

नळीची बाहेरची त्रिज्याही महत्त्वाची. सोर्सच्या जितकं जवळ जाता येईल तितका व्हॉक्सेल बारीक मिळतो, आणि नळी आडवी आली की जवळ जाता येत नाही.

एकदा आमच्या फ्रेममध्ये पकडीचा स्क्रू आवळताना पीसही सोबत पिळला जात होता. दोन दिवसांच्या स्कॅननंतर नकाशात सुंदर वळणदार पट्टे दिसले आणि मी खूश झालो. ते पट्टे माझ्या पान्याचे होते. तेव्हापासून पकडीत पिळणं रोखणारी खीळ असल्याशिवाय मी काम सुरू करत नाही.

> सावधान: लोडसेलची (बळ मोजणाऱ्या सेन्सरची) वायर बाहेर काढायला एक्स-रे कॅबिनेटला भोक पाडणं किंवा दाराचा इंटरलॉक बांधून ठेवणं कधीही नाही. वायरसाठी कॅबिनेटला मुळातच वळणाची वाट दिलेली असते. यंत्राला एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) मंजुरी आहे आणि चालवणाऱ्याकडे टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते नोंदवणारा बिल्ला) आहे, हे भाडं ठरवतानाच विचारा.

## ४. स्कॅनची सेटिंग

व्हॉक्सेलचं गणित सोपं आहे. डिटेक्टरच्या पिक्सेलला मॅग्निफिकेशनने भागा. सोर्स ते डिटेक्टर १००० मिलिमीटर आणि सोर्स ते पीस ३० मिलिमीटर असेल, तर मॅग्निफिकेशन ३३. पिक्सेल २०० मायक्रोमीटरचा असेल तर व्हॉक्सेल ६ मायक्रोमीटरचा. ३० मायक्रोमीटरचा नॉड्यूल मग ५ व्हॉक्सेलमध्ये बसतो. तीनच्या खाली गेलात तर ठिपका नीट ओळखू येत नाही, आणि पंधरावर गेलात तर फाइल उगाच फुगते.

घाईत लोक पॉवर वाढवतात. मायक्रोफोकस ट्यूबमध्ये साधारण एका वॅटला एक मायक्रोमीटर या हिशोबाने स्पॉट (किरण जिथून निघतात तो ठिपका) मोठा होत जातो. म्हणजे ६ मायक्रोमीटरच्या व्हॉक्सेलला ३० वॅट लावले, तर कागदावर ६ असला तरी प्रत्यक्षात चित्र धूसर. पॉवर कमी ठेवा, वेळ जास्त द्या.

लोखंडासाठी सोर्ससमोर साधारण अर्धा मिलिमीटर तांब्याचा फिल्टर लावा, नाहीतर कमी ऊर्जेचे किरण पीसच्या कडेलाच अडतात आणि कडा उजळ, मधला भाग काळपट दिसतो. प्रोजेक्शनची (पीस फिरवत घेतलेल्या एकेका एक्स-रे चित्राची) संख्या पीसच्या रुंदीत जितके पिक्सेल त्याच्या दीडपटीहून कमी नको. इथे रुंदी ५०० पिक्सेल, म्हणजे किमान ८००. पण नळीही चित्रात येते, म्हणून मी १६०० घेतो.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट, तापमान. सोर्स तापला की फोकल स्पॉट सरकतो. सोर्स ते पीस अंतर ३० मिलिमीटर असताना स्पॉट त्या दिशेने फक्त ६ मायक्रोमीटर सरकला, तरी मॅग्निफिकेशन ०.०००२ ने बदलतं आणि तेवढा खोटा स्ट्रेन तिन्ही दिशांना चिकटतो. म्हणून ट्यूब सुरू करून किमान तासभर थांबा, मगच पहिला स्कॅन. पीसही एसीच्या खोलीत आदल्या रात्री ठेवा. एप्रिलच्या उन्हात डिकीतून आणलेला पीस तासाभरात थंड होताना आकसतो: दर १० अंशाला लोखंडाचा साधारण ०.०००१२ स्ट्रेन.

यूपीएस हवाच. वीज डोळा मिचकावून परत आली तरी ट्यूब पुन्हा गरम करण्यापासून सुरुवात करावी लागते.

## ५. शून्य लोडचे तीन स्कॅन

हा या लेखाचा गाभा आहे, आणि इथेच ऑपरेटर हमखास म्हणतो, "साहेब, एकच घेऊया की, लै वेळ जातोय." त्याचं ऐकू नका.

पहिला स्कॅन: पीस फ्रेममध्ये बसवलेला, लोड नाममात्र, म्हणजे पकडीतला सैलपणा जाईल इतकाच. हा संदर्भ.

दुसरा स्कॅन: कशालाही हात न लावता लगेच पुन्हा. यातून नॉइज आणि तापमानाचं सरकणं कळतं.

तिसरा स्कॅन: टेबल १०० मायक्रोमीटर वर सरकवून. ६ मायक्रोमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये हे १६.७ व्हॉक्सेल होतात. आकडा मुद्दाम अपूर्णांकी आहे.

तिसऱ्याची गरज का? डिटेक्टरच्या खराब पिक्सेलमुळे चित्रात वर्तुळं उमटतात. ती यंत्राची असतात, पीसबरोबर हलत नाहीत. दुसऱ्या स्कॅनमध्ये पीसही जागेवर आणि वर्तुळंही जागेवर, त्यामुळे सगळं जुळतं आणि चूक कमी दिसते. पीस सरकवला की वर्तुळं मागे राहतात आणि सॉफ्टवेअर जिथे वर्तुळांना चिकटतं तिथे सरकणं कमी दाखवतं. अपूर्णांकी सरकण्यामुळे व्हॉक्सेलच्या मधल्या जागेचा अंदाज सॉफ्टवेअर कसा लावतं, तेही तपासलं जातं.

> तपासणी: तिसऱ्या स्कॅनवर डीव्हीसी चालवल्यावर सगळीकडे जवळपास १६.७ यायला हवं. त्याभोवतीचं विखुरणं ०.०५ ते ०.१ व्हॉक्सेल असेल तर पुढे जा. ०.३ असेल तर लोड लावू नका, चौथ्या टप्प्यावर परत या. वरच्या आणि खालच्या टोकाच्या काही स्लाइसमध्ये किरण तिरके जातात, त्या आधीच वगळा.

हे डीव्हीसी त्याच दिवशी, पीस फ्रेममध्ये असतानाच करायचं. घरी जाऊन आठवड्याने केलं तर काही उपयोग नाही.

## ६. लोड लावणं, आणि थांबणं

लोड फोर्सने न ठरवता सरकण्याने ठरवा: अमुक इतके मायक्रोमीटर ओढा आणि धरा. ओढून थांबवल्यावर पहिली काही मिनिटं लोडसेलचा आकडा घसरत राहतो, कारण मटेरियल आणि पकड दोन्ही स्थिरावत असतात. तेव्हा स्कॅन सुरू केला तर पीस स्कॅनमध्येच हलतो आणि नॉड्यूलना शेपट्या फुटतात. मी २० ते ३० मिनिटं थांबतो. आकडा सपाट झाला की सुरू.

पायऱ्या कमी घ्या पण नेमक्या घ्या. यील्डआधी एक, यील्डनंतर साधारण १, २ आणि ४ टक्क्यांना एकेक. दर पायरीला कास्टिंग नंबर, लोड, सरकणं, खोलीचं तापमान आणि वेळ वहीत लिहा. कागदाच्याच वहीत.

> तपासणी: प्रत्येक स्कॅननंतर ० अंशाचं आणि ३६० अंशाचं प्रोजेक्शन एकमेकांतून वजा करा. उरलेल्या चित्रात पीसच्या कडा दिसल्या तर स्कॅन चालू असताना काहीतरी हललंय. तो स्कॅन पुन्हा घ्या, आत्ताच.

## ७. रिकन्स्ट्रक्शन

रिकन्स्ट्रक्शन म्हणजे सगळ्या प्रोजेक्शनमधून थ्रीडी चित्र उभं करणं. एकच नियम: सगळ्या स्कॅनना अक्षरशः तीच सेटिंग. तेच फिल्टर, तीच बीम हार्डनिंग (कडा उजळ, मधला भाग काळपट) दुरुस्ती, करड्या छटांची तीच मर्यादा. सॉफ्टवेअरमधला ऑटो काँट्रास्ट बंद करा. तो प्रत्येक स्कॅनला वेगळी मोजपट्टी लावतो, आणि तुटण्याच्या बेतात आलेल्या पीसमध्ये छिद्रं वाढली की तेवढ्यानेच सगळ्या छटा सरकतात.

फाइल १६ बिटमध्ये ठेवा. १००० घन व्हॉक्सेलचा एक स्कॅन २ जीबी होतो, २००० घनाचा १६ जीबी. लॅपटॉपला झेपत नसेल तर मधली मान तेवढी कापून घ्या, पण सगळ्या स्कॅनमध्ये थोडी जागा सोडून, कारण पीस लांबणार आहे.

## ८. कोरिलेशन

आता दुसऱ्या टप्प्यातला नॉड्यूल काउंट कामाला येतो. समजा चौरस मिलिमीटरला १५० नॉड्यूल आणि सरासरी व्यास ३० मायक्रोमीटर. १५० ला ०.०३ ने भागलं की घन मिलिमीटरला साधारण ५००० नॉड्यूल निघतात. ३२ व्हॉक्सेलचा घन म्हणजे बाजू ०.१९२ मिलिमीटर. त्यात सुमारे ३५ नॉड्यूल येतात, ओळख पटायला भरपूर. १६ चा घन घेतला तर जेमतेम चार येतात आणि काही घन कोरेच राहतात. जाड कास्टिंगमध्ये काउंट निम्म्यावर येतो, तिथे घन मोठा घ्यावाच लागतो. मित्राच्या फाइलमधला ३२ चा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

चालवण्याचा क्रम:

१. पूर्ण पीसचं एकत्र सरकणं आणि फिरणं आधी जुळवा. २ टक्के स्ट्रेनला ५०० व्हॉक्सेल लांबीच्या मानेचं टोक १० व्हॉक्सेल सरकतं, त्यात फ्रेमचं सरकणं मिळवलं की आकडा ५० च्याही पुढे जाऊ शकतो. हे न जुळवता घन शोधायला पाठवले तर ते शेजारचाच नॉड्यूल आपला म्हणून पकडतात.

२. मग मोठे घन, ६४ चे. त्यांचं उत्तर ३२ च्या घनांना सुरुवातीचा अंदाज म्हणून द्या.

३. हवा, नळी आणि मोठी श्रिंकेज (धातू आकसून राहिलेली पोकळी) मास्क लावून बाजूला काढा. हवेच्या घनात फक्त नॉइज असतो, तरी सॉफ्टवेअर त्यालाही उत्तर देतं.

४. घनाला फक्त सरकू देणारं नाही, ताणू आणि वळू देणारंही मॉडेल निवडा.

मोफत हवं असेल तर पायथनमधलं स्पॅम नावाचं पॅकेज आहे. नाव बघून ईमेल समजू नका, काम चांगलं करतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणं सोपी असतात, पण वरचे चार निर्णय तिथेही तुम्हालाच घ्यावे लागतात.

४ टक्क्यांच्या आसपास नॉड्यूल लोखंडापासून सुटायला लागतात. भोवतीची फटही काळीच दिसते, म्हणून नॉड्यूल फुगल्यासारखा वाटतो आणि जुळणी ढिली पडते. तेव्हा पहिल्या स्कॅनऐवजी आधीच्या पायरीशी तुलना करून पुढे जाता येतं. मात्र प्रत्येक टप्प्याची चूक पुढच्यात मिसळते, म्हणून हा मार्ग नाइलाज झाल्यावरच.

> तपासणी: लोडचा स्कॅन मिळालेल्या सरकण्याने उलटा फिरवून पहिल्या स्कॅनमधून वजा करा. चित्र सगळीकडे सारखं करडं आलं तर जुळणी बरोबर. एखादी काळी-पांढरी रेघ उरली तर तिथे बहुधा भेग आहे. त्या रेघेवरचा स्ट्रेन हा स्ट्रेन म्हणून वाचायचा नाही, तिथे मटेरियल फाटलंय.

## ९. सरकण्यावरून स्ट्रेन

सरकण्याची चूक ०.०५ व्हॉक्सेल असेल आणि ३२ व्हॉक्सेल अंतरावरच्या दोन बिंदूंवरून स्ट्रेन काढला, तर दोन्ही बिंदूंची चूक मिळून ०.०७ होते. भागिले ३२, म्हणजे ०.००२२. पहिल्या टप्प्यातला यील्डचा आकडा होता ०.००१९. म्हणजे एका घनाच्या पातळीवर इलॅस्टिक स्ट्रेन तुम्हाला दिसणारच नाही, रंग कितीही देखणे असोत. पूर्ण ५०० व्हॉक्सेलच्या मानेवर सरासरी काढली तर चूक ०.०००१४ वर येते आणि यील्डआधीची पायरीही वाचता येते. बारीक नकाशा आणि अचूक आकडा एकाच वेळी मिळत नाहीत.

नकाशावर विश्वास ठेवण्याआधी दोन गोष्टी बघा. ओढलेल्या पीसमध्ये ओढीच्या दिशेने स्ट्रेन धन आणि आडव्या दोन दिशांना ऋण हवा. तिन्ही दिशांना सारखाच धन आला, तर पीस फुगलेला नाही, सोर्स सरकलाय किंवा तापमान बदललंय. दुसरी गोष्ट, प्लॅस्टिक भागात तिन्हींची बेरीज शून्याजवळ यायला हवी. एस.जी. आयर्नमध्ये नॉड्यूलभोवतीच्या फटींमुळे ती थोडी धन येऊ शकते, ते खरं असतं. मोठी ऋण आली तर कुठेतरी चुकलंय.

## पहिल्यांदाच करत असाल तर

थेट लोखंडावर जाऊ नका. मोल्डिंगच्या टू-पार्ट सिलिकॉनमध्ये फाउंड्रीची धुतलेली वाळू मिसळून २० मिलिमीटरचा ठोकळा ओता. मिश्रण घट्ट ठेवा, नाहीतर वाळू तळाशी बसते. पाव मिलिमीटरचा कण ५० मायक्रोमीटरच्या व्हॉक्सेलमध्ये पाच खाने भरतो, अगदी वरच्या नॉड्यूलसारखाच. साध्या स्क्रूने १ मिलिमीटर दाबलं की ५ टक्के स्ट्रेन, २० व्हॉक्सेल सरकणं. पॉवर कमी लागते, स्कॅन लवकर होतो, आणि सगळे टप्पे एका दिवसात हाताखालून जातात. बुडबुडे राहिले तर काळजी नको, तेही ठिपकेच.

## १०. रिपोर्टमध्ये काय लिहायचं

व्हॉक्सेलचा आकार, घनाचा आकार, घनांमधलं अंतर, स्ट्रेन किती अंतरावर काढला, आणि शून्य लोडच्या दुसऱ्या-तिसऱ्या स्कॅनमधून आलेली चूक. नकाशाच्या रंगपट्टीवर त्या चुकीएवढी पट्टी राखाडी करून टाका, म्हणजे ग्राहकाच्या क्वालिटीवाल्याने नॉइजवर बोट ठेवून "इथे क्रॅक सुरू होतोय का?" असं विचारायची वेळ येणार नाही. कच्ची प्रोजेक्शन पुसू नका. सहा महिन्यांनी रिजेक्शनचा वाद निघाला तर रिकन्स्ट्रक्शन पुन्हा करावं लागतं, आणि तोवर पीस भंगारात जाऊन भट्टीत वितळलेला असतो.